तुझ्या गावचे कावळे

विलास,

परत येऊन आठवडा होत आला, बॅग अजून उघडलेली नाही. हॉलमध्ये सोफ्याशेजारी उभी आहे, नको असलेल्या पाहुण्यासारखी. काल शेजारच्या कुलकर्णीकाकू आल्या. फार वाईट झालं म्हणाल्या, चहा घेतला, आणि मग मूळ मुद्द्यावर आल्या. "दहावं कुठे केलंत हो सुमनताई? ओंकारेश्वरालाच करणार का?"

"झालं," मी म्हटलं. "तिकडेच झालं."

"अय्या, तिकडे गुरुजी मिळाले?"

"गुरुजी नाही मिळाले. कावळे मिळाले."

त्या कप ठेवून उठल्या. सोसायटीच्या ग्रूपवर मात्र कोणीतरी विचारत होतं, पेपरात छोटं निवेदन द्यायचं का म्हणून. मी नको म्हटलं. दिलं असतं तर त्यात 'हसतमुख व मनमिळाऊ' असं आलं असतं. तू मनमिळाऊ होतास, ते काही खोटं नाही. कोणाशी, एवढाच प्रश्न आहे.

दरवर्षी तू म्हणायचास, "ताई, एकदा येऊन बघ, मग बोल." मी दरवर्षी म्हणायचे, "तू आधी ये." शेवटी या वर्षी मीच हरले. व्हिसा काढला, मे महिन्याचं ठरवलं. डोंगर बघायला मी येणार नव्हते. तुझ्या स्वयंपाकघरात तुला समोर बसवून एकच गोष्ट विचारायची होती: आई गेली तेव्हा तू का आला नाहीस? फोनवर हे विचारून झालं होतं. फोनवर तू "हॅलो, हॅलो, ताई, आवाज तुटतोय" म्हणायचास. समोर बसलेल्या माणसाचा आवाज तुटत नाही, म्हणून येणार होते. व्हिसा वाया गेला नाही. मेऐवजी मार्चमध्ये वापरला, आणि समोर तू नव्हतास.

मोरागचा फोन आला तेव्हा मी गवार निवडत होते. इंग्रजी बोलणारी कोणी म्हातारी बाई, विल गेला म्हणाली. टेकडीवरून उतरताना बसला, तो उठलाच नाही म्हणाली. मी विचारलं, "कोण विल?" भावाच्या मरणाची बातमी कळल्यावर माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द हा. तिथे तुला विल म्हणतात हे मला ठाऊकच नव्हतं. मग ती म्हणाली, त्याने इथल्या दफनभूमीत जागा घेऊन ठेवली आहे. मी म्हटलं, आमच्यात पुरत नाहीत. ती म्हणाली, "त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला होता, ताई भांडेल."

म्हणजे माझं भांडणसुद्धा तू आधीच धरून ठेवलं होतंस.

आपलं आजोळ हिंजवडी. आज हे कोणाला सांगितलं तर हसतात. तिथे ऑफिस असतं, आजोळ कसं असेल? पण आईचं माहेर तेच, आणि मे महिन्याच्या सुट्टीत आपण एसटीतून उतरून धुळीतून चालत मामांच्या रानात जायचो. पाठीला रिकामा डबा बांधून मला तिथल्या विहिरीत पोहायला तू शिकवलंस, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असून. मी काठावर रडत होते आणि तू पाण्यातून ओरडत होतास, "ताई, सोड गं, मी आहे." मी सोडलं, आणि तू होतास. एवढं एक मला कधी विसरता आलं नाही. आलं असतं तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

मग ते रान गेलं. मामांचं गेलं, शेजाऱ्यांचं गेलं. काचेच्या इमारती आल्या, आणि आधी डेक्कनला एका बंगल्याच्या माडीवर कॉम्प्युटरपुढे बसणारा तू त्यातल्याच एका इमारतीत नोकरीला लागलास. आईला काय आनंद! तिने लगेच मामांना फोन केला, "दादा, आपल्या रानातच लागलाय बघ इलास."

मामा म्हणाले, "बरं हाय. राखण हुईल."

तुझ्या खिडकीतून मामांची चिंच दिसायची. आपण जिच्यावरून पडलो ती. जेवणाच्या सुट्टीत तू तिच्याखाली जाऊन डबा खायचास आणि घरी येऊन आईला सांगायचास, आईला ते ऐकायला फार आवडायचं. मग पार्किंगला जागा कमी पडू लागली आणि चिंच तोडली. मी त्या संध्याकाळी विचारलं, "काही बोललास का रे कुणाला?" तू बूट काढत म्हणालास, "ताई, मी क्लायंटच्या कॉलवर होतो."

त्यानंतर तू म्हणायला लागलास, मला गाव पाहिजे. कंपनीने एडिंबराला पाठवलं, तिथे शनिवार-रविवार डोंगर तुडवू लागलास, आणि एक दिवस फोन आला की ड्रमलेरी नावाच्या गावात घर घेतलं, आता काम घरूनच करणार. लोक पोटासाठी गाव सोडून पुण्याला येतात. तू पुण्यात पोट भरून गावाला गेलास, आणि ते गावही सातासमुद्रापार निवडलंस. इथून बत्तीस शिराळ्यापर्यंत एवढी गावं पडली होती.

तू फोटो पाठवलेस ते मी मोठे छापून आणले. आईने चष्मा लावून बराच वेळ बघितले. "हिरवं रान हाय," ती म्हणाली, "पर माणूस कसा दिसंना? पेरत्यात काय तिथं?"

"पेरत नाहीत आई. मेंढ्या असतात."

"मेंढरं राखाया गेला व्हय एवढं शिकून?" तिने त्यातला एक फोटो उशाखाली ठेवला. शेवटपर्यंत तो तिथेच होता, चादर बदलताना मी तो काढायचे आणि पुन्हा ठेवायचे.

आणि मग तुझ्या त्या पवनचक्क्या. गावामागच्या टेकडीवर पवनचक्क्या उभारायच्या होत्या म्हणे कोणाला. तू थंडीवाऱ्यात फलक घेऊन उभा राहिलास. सभेत बोललास. तो फोटो मला पाठवलास, केवढ्या अभिमानाने. फलकावर लिहिलं होतं, 'आमच्या टेकड्या वाचवा.' आमच्या! मी उत्तरात एवढंच लिहिलं, "आज कॉल नव्हता वाटतं." तू महिनाभर बोलला नाहीस. मग बोललास तेव्हा म्हणालास, चिंचेच्या वेळी गप्प बसलो म्हणूनच इथे उभा राहिलो, हे तुला कळत नाही का ताई? मी म्हटलं, नाही कळत. ते भांडण तिथेच राहिलं. आता विचारशील तर थोडंसं कळतं. पण तुझं शहाणपण दर वेळी दुसऱ्यांच्या कामी येतं, याला काय म्हणायचं?

कडूच लिहीत चालले आहे, तेव्हा एक गोडही लिहून टाकते, नाहीतर म्हणशील ताईला काही आठवतच नाही. मला बघायला ती औंधची मंडळी आली होती. मला लग्न करायचं नव्हतं आणि हे घरात कोणी ऐकत नव्हतं. पाहुणे बसलेले, आई आत मला साडी नीट कर म्हणते आहे, आणि तू, कॉलेजात जाणारा, पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "पोहे मी केलेत. ताई बाहेर येणार नाही. तिला लग्न करायचं नाही आणि तिचं बळजबरीने केलं तर तुमचंच नुकसान आहे." बाबांनी नंतर तुला थोबाडीत मारली. मला पुन्हा कोणी बघायला आलं नाही. मी बँकेत नोकरी केली, आईबाबांजवळ राहिले, माझ्या मनासारखं जगले, ते तुझ्यामुळे. आणि मी घरी होते म्हणून तू जाऊ शकलास, हेही तितकंच खरं. ते तू कधी म्हणाला नाहीस. म्हणायला हवं होतंस.

बाबा आधीच गेले होते. आई हिवाळ्यात गेली, सकाळी, चहा पिऊन. मी तुला फोन लावला तर तू म्हणालास, "ताई, रस्ता बंद आहे. बर्फ पडलाय. गावातून बाहेर पडता येत नाही." मी काय बोलले ते तुला आठवत असेल. हिंजवडीचा रस्ता रोज बंद असतो, तरी माणसं कामावर पोचतात, असं म्हणाले. मला ते बर्फाचं खरंच वाटलं नाही. वैकुंठात मडकं मी धरलं. मामा आधी "पोरीच्या हातून कसं?" म्हणाले, मग इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "धर तायडे. दुसरं हाय कोण?"

दहाव्याला तरी ये म्हटलं. तू म्हणालास, "आता येऊन काय करू?"

काय केलं असतंस ते सांगते. ओंकारेश्वराला आम्ही पिंड ठेवून मागे सरून उभे होतो आणि कावळा शिवत नव्हता. कावळे होते, चांगले चारपाच भिंतीवर बसले होते, भाताकडे बघायचे आणि तोंड फिरवायचे. ऊन चढायला लागलं. मामा म्हणाले, "काय तरी राहिलंय तिचं. बोला रं एकेक." मामांचा मुलगा पुढे झाला, आत्या, घराचं आम्ही बघू म्हणाला. काही नाही. मग मामांनी हात जोडले, "कौसे, तायडीची काळजी करू नगं. एकटी न्हाई पडू देणार आम्ही तिला." मला वाटलं आता येईल. आईच्या शेवटच्या दुखण्यात तिचं अंग पुसायला, औषध द्यायला, रात्री उठायला मीच होते ना? तिचा जीव माझ्यातच अडकला असेल, असं मला वाटलं. एक कावळा उडाला आणि आणखी लांब जाऊन बसला.

शेवटी मीच म्हणाले, "आई, विलासला मी घरी आणीन."

बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा खाली उतरला. सगळे "बघा, बघा" करत रडायला लागले. मीही रडले. त्यांना वाटलं आईसाठी रडते आहे. विलास, इतकी वर्षं तिच्याजवळ मी राहिले, आणि कावळा शिवला तो तुझ्या नावाने. त्या दिवसापासून मला तुझा राग आला आहे, तो नुसता तू न आल्याचा नाही.

शब्द दिला तो दिला. पुढे तू आलास एकदा, ऑफिसच्या कामाने. उतरलास हिंजवडीच्या हॉटेलात. घरी एका संध्याकाळी चहाला आलास, खाली गाडी थांबवून ठेवली होतीस. आईच्या फोटोसमोर उभा राहिलास, दोन्ही हात पँटच्या खिशात. मी आतून बघत होते की आता काढेल, आता जोडेल. तू म्हणालास, "ट्रॅफिक फार असतं गं ताई इथे, निघतो." त्याला मी घरी येणं समजत नाही. आईनेही समजलं नसेल.

आता तुझ्या गावाबद्दल. सुंदर आहे, हे कबूल करते. मला वाटलं होतं फोटोत असतं तसं प्रत्यक्षात नसेल, पण तसंच आहे, तेच वाईट आहे. एकच रस्ता, दोन्हीकडे दगडी घरं, एक दुकान आणि त्यातच पोस्ट. टेलिफोनच्या लाल खोक्यात आता पुस्तकं ठेवलेली, ज्याला हवं त्याने न्यावं. मागे ओढा, ओढ्यापलीकडे टेकड्या, आणि टेकड्यांवर मैलोगणती दगडांच्या भिंती, मध्ये चुना नाही, माती नाही, नुसते दगड एकमेकांना टेकून. पाऊस आहे की नाही हे कळू न देता भिजवणारं तिथलं पाणी. कोकरं नुकती जन्मलेली. मोरागने मला ओढ्याकाठची एक भिंत दाखवली आणि म्हणाली, ही विलने बांधली, माझ्या नवऱ्याकडून शिकून. सरळ होती. आपल्या घरी तुला साधी तसबीर सरळ टांगता यायची नाही.

तुझ्या घरात दोन खोल्या. मिसळणाचा डबा होता, हळद ताजी होती. भिंतीवर आईचा फोटो शोधला. नव्हता. बाबांचाही नव्हता. माझा असेल अशी अपेक्षा नव्हती. स्वयंपाकघरात खिडकीशेजारी एक फोटो होता, चौकटीत लावलेला. बघितलं तर काचेच्या खिडकीतून काढलेलं एक झाड. मामांची चिंच.

मी तो उतरवला नाही. उतरवावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी मोरागने मला तिच्या घरी नेलं. टेकडीवरचं मेंढ्यांचं फार्म, वयाने माझ्याएवढीच, नवरा गेलेला. तिने सूप केलं, पाव कापला आणि मला बरं वाटावं म्हणून तुझ्याबद्दल सांगायला लागली. ती बिचारी मनापासून सांगत होती. तिला काय ठाऊक?

म्हणाली, तिची आई गेली तेव्हा एवढा बर्फ पडला होता की फार्मपासून खाली चर्चपर्यंतचा रस्ताच नाहीसा झाला होता. तिचा एक भाऊ घरी होता, दुसरा कॅनडात अडकलेला. शवपेटी खाली न्यायची कशी? तर सकाळी उजाडल्याबरोबर विल फावडं घेऊन दारात हजर. मग एकेक करून सगळं गाव आलं. पण सुरुवात त्याने केली, असं ती दोनदा म्हणाली. दुपारपर्यंत त्यांनी हाताने रस्ता खणून काढला आणि ट्रॅक्टरवर ठेवून आईला खाली नेलं.

"आणि दोरी," ती म्हणाली. मला कळलं नाही, तेव्हा तिने समजावलं. तिकडे शवपेटी खड्ड्यात उतरवायची ती जवळच्या माणसांनी. पेटीला दोऱ्या असतात, एकेक दोरी एकेकाच्या हातात देतात, डोक्याकडची सर्वांत जवळच्याची. कोणाला कुठली दोरी, हे आधी ठरतं, आणि तो मोठा मान असतो. तिच्या आजीच्या काळी बायका दफनाला जातही नसत, घरी थांबून चहापाणी बघत. मी म्हटलं, आमच्याकडेही तसंच होतं. ती हसली. मग म्हणाली, "माझा कॅनडातला भाऊ पोचू शकला नाही. त्याची दोरी आम्ही विलला दिली."

मुलाची दोरी.

मी विचारलं, कोणत्या वर्षी हे? कोणत्या महिन्यात? तिने सांगितलं. मी सुपाचा चमचा खाली ठेवला. म्हटलं, "त्याच आठवड्यात आमची आई गेली."

"विलने सांगितलं नाही," ती म्हणाली. "कोणालाच नाही सांगितलं." मग पावाचे कण गोळा करत, "तो त्या दिवशी फार रडला. माझ्या भावापेक्षा जास्त. आम्हाला वाटलं, आईने याला किती माया लावली होती."

तिचा कुत्रा येऊन माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला. तिच्या आईच्या खड्ड्याशी उभा राहून तू माझ्या आईसाठी रडलास, आणि दोघींपैकी एकीलाही इतकी वर्षं पत्ता नव्हता. मोराग माझा हात धरून म्हणाली, "मला क्षमा कर." तिची काय चूक?

हे ऐकून माझा राग जायला हवा होता. मोरागलाही तसंच वाटलं असणार. गेला नाही, विलास. रस्ता बंद होता हे तू खरं सांगितलं होतंस, तेवढं मी परत घेते. पण तो रस्ता फावड्याने तूच उघडलास, आणि चर्चकडे उघडलास. त्याच संध्याकाळी बर्फ काढणारी गाडी आली आणि शहराकडचा रस्ताही मोकळा झाला, हेही मोराग सहज बोलून गेली. दहावं अजून पुढे होतं. मी ओंकारेश्वराला कावळ्यापुढे तुझं नाव घेत होते तेव्हा तुझ्या दारातला रस्ता स्वच्छ होता.

का आला नाहीस, ते मला त्या टेबलाशी बसून कळलं, तू समोर नसताना. तुला रडायचं होतं, पण तुला काही न विचारणाऱ्या माणसांत. इथे रडला असतास तर मामांनी बघितलं असतं, मी बघितलं असतं, आणि एवढे दिवस कुठे होतास हे कोणीतरी बोललंच असतं. बहुतेक मीच. तिथे तुला कोणी काही विचारणार नव्हतं. तिथे तू नुसता चांगला माणूस होतास, फावडं घेऊन सर्वांत आधी येणारा. तसं होता येतं रे, जिथे आपलं मागचं कोणाला माहीत नसतं तिथे.

दफनाच्या दिवशी डोक्याकडची दोरी मला दिली. काळी, जाड, टोकाला गोंडा असलेली. मोराग माझ्या शेजारी, मग तिचा भाऊ, मग गावातली माणसं, ज्यांची नावं मी विसरले. तुझं वजन हाताला जाणवलं. एवढं मडकं धरताना जाणवलं नव्हतं. आईच्या वेळीही मीच, तुझ्या वेळीही मीच. पेटी टेकल्यावर दोरी सोडायची असते, ती वरून पेटीवर पडते. सगळ्यांनी सोडली. मला ते विहिरीतलं "ताई, सोड गं, मी आहे" आठवलं, आणि हात काही उघडेना. कोणी घाई केली नाही. सगळं गाव पावसात उभं राहिलं, तुझ्या गावाला हे चांगलं जमतं. शेवटी सोडली. या वेळी तू नव्हतास.

निघायच्या दिवशी सकाळी तुझ्या स्वयंपाकघरात भात लावला. दिवस चुकलेला होता, मंत्र येत नव्हते, तीळ नव्हते. म्हटलं, तू तरी कुठे सगळं रीतसर केलंस? पिंड केला, वर दही घातलं, आणि चर्चच्या आवाराच्या दगडी भिंतीवर नेऊन ठेवला. तिथल्या उंच, बिनपानांच्या झाडांवर काळे पक्षी ढिगाने होते, घरटी बांधायची त्यांची धांदल चालली होती. आपल्या कावळ्यांसारखेच, फक्त चोच मुळाशी पांढुरकी. मोराग सोबत आली होती. मी तिला विचारलं, "हे कावळेच ना?"

"कावळ्यांचे जवळचे नातेवाईक," ती म्हणाली.

म्हटलं, चालतील. अशा वेळी नातेवाईकच लागतात. तिला सगळं समजावून सांगितलं, ज्याचं काही राहिलं असेल त्याचा कावळा अडतो, मग त्याला शब्द द्यावा लागतो. ती गंभीर होऊन म्हणाली, घराचं मी बघेन, त्याची भिंत कधी पडू देणार नाही, असं सांगू का? मी म्हटलं, थांब, आधी वाट बघू.

माझ्याजवळ एक वाक्य होतं. रात्रभर जुळवलेलं. कावळा अडला असता, मोरागचं घर आणि भिंत सांगून झालं असतं, तरी आला नसता, तर शेवटी मी पुढे झाले असते आणि मोठ्याने म्हणाले असते, विलास, मी तुला माफ केलं. सहजासहजी देणार नव्हते ते. तुझ्या कावळ्याने ते माझ्याकडून मागून घ्यायला हवं होतं, आईच्या कावळ्याने तुझं नाव मागून घेतलं तसं. म्हणजे मला कळलं असतं की तुझं माझ्यापाशी काहीतरी अडलं होतं.

भात ठेवून मी मागे सरले. पुरती वळलेही नव्हते, तेवढ्यात तो झाडावरून उतरला, भिंतीवर बसला आणि त्याने पिंडाला चोच मारली. मग दुसरा आला, तिसरा आला. दही सांडलं.

मोराग हळूच म्हणाली, "हे चांगलं झालं ना?"

"चांगलं झालं," मी म्हटलं. "त्याचं काही राहिलेलं नाही."

"कशातच नाही?"

"कशातच नाही."

तर असं झालं तुझं दहावं, कुलकर्णीकाकूंना एवढं सगळं सांगता आलं नसतं. तू मोकळा झालास. ते वाक्य मात्र तसंच माझ्या तोंडात राहिलं, ते मी विमानातून परत आणलं, आणि इथे या घरात ते ज्याला म्हणावं असं कोणी नाही. आता माझं वय झालं. माझ्या वेळी ओंकारेश्वराला मामांचा मुलगा असेल, सोसायटीतले दोघंतिघं असतील. भात ठेवतील आणि मागे सरतील, आणि माझा कावळा अडेल. ते म्हणतील, फ्लॅटचं बघू. म्हणतील, गॅलरीतल्या झाडांना पाणी घालू. ऊन चढेल. काय म्हटलं म्हणजे तो शिवेल, हे जगात तुला एकट्याला कळलं असतं, आणि तू तर यायचा नाहीस.